मोरो-मोरो आणि फिलिपिन्सची गावरंगभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्सच्या लोकनाट्याबद्दल आणि स्पॅनिश काळातल्या ख्रिस्ती-मुसलमान संबंधांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने दिले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोरो-मोरो म्हणजे नेमकं काय? 'कोमेद्या' वेगळा का?

कोमेद्या हे पद्यात चालणारं, बँडच्या साथीने सादर होणारं गावचं नाटक. नाव ऐकून प्रहसन वाटेल, पण स्पॅनिशमध्ये 'कोमेदिया' म्हणजे कुठलंही नाटक, गंभीरसुद्धा. त्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात संताचं चरित्र किंवा चमत्कार असतो. दुसऱ्यात ख्रिस्ती आणि मुसलमान अशी दोन राज्यं झुंजतात, आणि त्यालाच लोक मोरो-मोरो म्हणतात. सेबू भागात याच नाटकाला लिनांबाय म्हणतात. नुएवा एसिहा प्रांतातला अराक्यो हा जवळचा नातलग. त्यात सेंट हेलेना पवित्र क्रूसाचा शोध घेते आणि वाटेत मूर, म्हणजे मुसलमान, आडवे येतात.

२. 'मोरो' म्हणजे फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटाचे मुसलमानच ना?

रंगमंचावर बहुतेक वेळा नाही, आणि या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. स्पेनमध्ये 711 ते 1492 या काळात मुसलमानी सत्ता होती. तिथल्या मुसलमानांना स्पॅनिश लोक 'मोरो' म्हणत. 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पी सेबूला उतरला आणि 1571 मध्ये मनिला घेतलं, तेव्हा तिथला राजा सुलेमान मुसलमान होता, ब्रुनेईशी नात्यात होता. स्पॅनिश लोकांनी जुनंच नाव नव्या शत्रूला चिकटवलं. दक्षिणेत मात्र एक 'मोरो' समाज नव्हता. मागिंदानाव, मारानाव, तावसुग असे वेगवेगळे समाज होते, त्यांच्या भाषा आणि सत्ता वेगळ्या होत्या. नाटकातला मोरो पर्शियाचा, तुर्कस्तानचा किंवा ग्रानादाचा. तो तावसुग बोलत नाही, मारानाव पोशाख करत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतल्या मुसलमानांनी हेच नाव अभिमानाने घेतलं. आजच्या बांगसामोरो स्वायत्त प्रदेशाच्या नावात ते आहे.

३. याची सुरुवात कधी झाली? 1637 हे वर्ष सगळीकडे का दिसतं?

फिलिपिन्समधल्या कोमेदियाची सर्वात जुनी नोंद 1598 ची, सेबूची. पहिले बिशप पेद्रो दे आगुर्तो यांच्या सन्मानार्थ जेझुइटांनी प्रयोग केला. त्यात लढाईचा विषय नव्हता.

1637 ची गोष्ट वेगळी. गव्हर्नर सेबास्तियान उर्तादो दे कोर्कुएरा याने त्या मार्चमध्ये मागिंदानावचा सुलतान कुदारात याचं लामितान हे ठाणं जिंकलं. मनिलात विजयोत्सव झाला आणि जुलैत हिएरोनिमो पेरेस या धर्मगुरूने लिहिलेलं नाटक झालं. विषय हाच विजय. म्हणून बऱ्याच पुस्तकांत 1637 हा मोरो-मोरोचा जन्म म्हणून छापलेला दिसतो.

हा निष्कर्ष आम्हाला घाईचा वाटतो. ते नाटक स्पॅनिशमध्ये होतं, शहरी उत्सवासाठी होतं आणि ताज्या घटनेवर होतं. गावातला मोरो-मोरो स्थानिक भाषेत असतो, आणि त्याची कथा युरोपातल्या अद्भुत पद्यकथांमधून येते. तो पुढच्या काळात, विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रुजला. आणखी एक गंमत: नाटक झालं तेव्हा कुदारात जिवंत होता, निसटलेला होता. 1645 मध्ये स्पॅनिशांना त्याच्याशी तह करावा लागला.

४. गोष्ट साधारण काय असते?

ख्रिस्ती राजपुत्र आणि मोरो राजकन्या, किंवा उलट. दोघं प्रेमात पडतात, वडील आडवे येतात, राजदूत धमकी घेऊन जातो, युद्ध पेटतं. तुरुंग, जंगल, सिंह, राक्षस, वरून उतरणारा देवदूत, हे सगळं मध्ये असतं. शेवटी मोरो हरतात किंवा चमत्कार पाहून वरमतात, बाप्तिस्मा घेतात आणि लग्न लागतं. ही कथानकं शार्लमेन आणि त्याच्या बारा सरदारांच्या कथांतून, बेर्नार्दो कार्पियोसारख्या स्पॅनिश वीरकथांतून आलेली. त्यामुळे भातशेतीच्या गावात बर्फाळ किल्ल्यातले उमराव वावरतात आणि कोणालाही ते खटकत नाही.

५. प्रयोग कसा पुढे सरकतो? क्रम सांगाल का?

गावागणिक फरक असतो, पण सांगाडा असा.

आधी नट पोशाखात, बँडसह गावातून मिरवत मंचावर येतात. मग लोआ, म्हणजे ज्या संताचा सण त्याची स्तुती, बहुतेक एकाच नटाच्या तोंडी. त्यानंतर दरबार. राजा बसतो, सरदार एकेक करून येतात. प्रत्येक प्रवेशाला बँडचं संचलन, ठरलेल्या पावलांनी मंचाला फेरी, प्रेक्षकांना नमस्कार, मग संवाद. दुसऱ्या बाजूचा दरबारही तसाच. मग एम्बाहादा: शत्रूचा दूत येतो, उद्धटपणे अटी मांडतो, ख्रिस्ती राजा नाकारतो, तलवारी उपसल्या जातात. पुढे लढाई, प्रेमप्रवेश आणि विदूषकाचा प्रवेश आलटूनपालटून येतात. राजकन्येच्या हातासाठी स्पर्धा असेल तर तोर्नेओ, म्हणजे जोडीजोडीने झुंज. शेवटी मोठी लढाई आणि बाप्तिस्मा.

आज बहुतेक प्रयोग दोन-तीन तासांत आटपतात. जुन्या हस्तलिखितांचा पूर्ण प्रयोग अनेक रात्री चालायचा. पहिल्या रात्री आलेल्या पाहुण्याला शेवट पाहायचा तर मुक्काम करावाच लागे.

६. कोण ख्रिस्ती, कोण मोरो हे लांबून कसं ओळखायचं?

रंगावरून. ख्रिस्ती गडद निळे किंवा काळे, मोरो लाल. दोन्हीकडे मखमल, टिकल्या, झालर, केप, पिसांच्या टोप्या. मोरोच्या डोक्याला फेटा किंवा चंद्रकोर, पायात घोळदार विजार. रंगमंचाच्या मागे राजवाड्याचा दर्शनी भाग रंगवलेला असतो, बाल्कनीसह, आणि दोन्ही पक्षांच्या प्रवेशाच्या बाजू ठरलेल्या.

रंगापेक्षा चाल जास्त बोलते. ख्रिस्ती पक्षाचं संचलन संथ, छाती पुढे, पाऊल मोजून. मोरोचं जलद, पाय आपटत, हातवारे मोठे. बँडची धूनही पक्षानुसार बदलते. कसलेल्या प्रेक्षकाला नट दिसण्याआधी ढोलावरून कळतं कोण येतंय. लाल-निळ्याची हीच विभागणी प्रश्न १३ मधल्या नृत्यातही दिसते.

७. इतके लांबलचक पद्य संवाद नट पाठ करतात?

बऱ्याच गावांत नाही. मंचाच्या पुढे किंवा पडद्याआड अपुंतादोर बसतो. तो ओळ वाचतो आणि नट ती उंच, सुरेल आवाजात पुन्हा म्हणतो. प्रेक्षकांना दोन्ही आवाज ऐकू येतात आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. भाव ठरीव असतात: प्रेम असेल तर हात छातीवर, आव्हान असेल तर तलवार आडवी.

कडव्याला चार ओळी, चारही एकाच यमकाच्या. ओळ आठ किंवा बारा अक्षरांची. बारा अक्षरांच्या ओळीत सहाव्यावर थांबा. मनाच्या श्लोकांची ओळही बारा अक्षरांचीच आहे, म्हणून मराठी कानाला ही लय पटकन सापडते. लघु-गुरूचं बंधन तागालोगमध्ये, म्हणजे मनिला भागातल्या भाषेत, मात्र नाही.

बिघडतं ते इथेच. अपुंतादोर घाई करू लागला की नट अर्धी ओळ गिळतो, यमक जातं, आणि संवादाच्या शेवटावर वाजायचा बँड भलत्याच जागी वाजतो. संहितेची एकच हस्तलिखित प्रत असेल आणि तिची पानं सुटलेली असतील, तर कथाच उडी मारते. या प्रतीला 'ओरिहिनाल' म्हणतात. ती एका घरात जपून ठेवलेली असते, आणि ते घर नाराज असेल तर त्या वर्षी नाटक होत नाही.

८. लढाया खऱ्या तलवारींनी होतात का?

लाकडी किंवा बोथट धातूच्या. लढाईला बातल्या म्हणतात आणि ती बँडच्या ठेक्यावर बांधलेली असते. वार, अडवणूक, जागाबदल, पुन्हा वार, असं मोजून. स्थानिक काठी-तलवारीच्या खेळाची, अर्निसची, छाप तिच्यावर दिसते. जोड्या समसंख्येत ठेवाव्या लागतात. एक नट आला नाही तर एक तलवार मोकळी फिरते, आणि इजा तेव्हाच होते.

९. पैसा कोण घालतो? नटांना मानधन मिळतं का?

परंपरेने नाही. सणाचा यजमान, एर्मानो मायोर, बराचसा खर्च उचलतो. पोशाख नट किंवा त्यांची घरं करतात. अनेकांसाठी भूमिका हा नवस असतो: आजारातून उठलो, आता सात वर्षं सेनापती करीन. सेबूच्या कार्कारसारख्या भागात भूमिका घराण्यातून घराण्यात जात. राजाची भूमिका नेहमी मातब्बर घरात जाते, कारण पोशाख महाग आणि मान मोठा. मोरो सुलतानाच्या भूमिकेलाही मागणी कमी नसते. त्याचे संवाद जास्त मजेदार असतात.

धर्मगुरूंचं मत दुटप्पी होतं. शेवटी बाप्तिस्मा आहे म्हणून नाटक चालायचं. तालमींना रात्री तरुण मुलंमुली एकत्र जमतात, शेतीची कामं खोळंबतात, म्हणून ते नकोही असायचं.

१०. प्रत्यक्षात ख्रिस्ती आणि मुसलमानांचे संबंध कसे होते?

लढाई खरी होती आणि लांबली, पण ती धर्माची सरळ रेघ नव्हती. स्पॅनिशांनी 1578 मध्ये ब्रुनेई आणि दक्षिणेच्या सुलू बेटांवर स्वारी केली. 1596 मध्ये मिंदानाव जिंकायला गेलेला स्पॅनिश सरदार फिगुएरोआ तिथेच मारला गेला. 1599 नंतर दक्षिणेकडचे आरमार विसाया बेटांवर छापे घालू लागले, माणसं पकडून नेऊ लागले. 1635 मध्ये सांबोआंगाला स्पॅनिश किल्ला उभा राहिला, 1663 मध्ये चिनी सरदार कोशिंगाच्या धाकाने तो सोडावा लागला, अठराव्या शतकात पुन्हा बसवला.

सर्वात वाईट काळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1848 पर्यंतचा. इराणून आणि बालांगिंगी टोळ्या मोठ्या शिडाच्या होड्यांतून किनारी गावं लुटत. यामागे व्यापार होता. चीनला समुद्रकाकडी आणि पाखरांची घरटी हवी होती, ती गोळा करायला सुलूला हात हवे होते, आणि ब्रिटिश व्यापारी बदल्यात बंदुका देत होते. पकडलेला विसायन माणूस सुलूची राजधानी होलोच्या बाजारात मजूर म्हणून विकला जाई. सेबूच्या बोल्होऑनमध्ये हुलियान बेर्मेहो या धर्मगुरूने किनाऱ्यावर टेहळणी बुरुजांची साखळी बांधली. 1848 मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने मागालानेस, एल्कानो आणि रेइना दे कास्तिया या वाफेच्या जहाजांनी बालांगिंगी ठाणं मोडलं. वाऱ्याविरुद्ध जाणारी होडी समोर आल्यावर शिडाच्या होड्यांचं काही चाललं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्पॅनिश मोहिमांनी दक्षिणेतली गावं आणि पिकं जाळली. आणि त्या मोहिमांत वल्ही मारणारे, भाला धरणारे बहुतेक पाम्पांगा आणि विसायाचे स्थानिक होते. म्हणजे कोमेद्यातल्या ख्रिस्ती सैन्याचा खरा जोडीदार स्पॅनिश कमी, शेजारच्या गावचा शेतकरी जास्त.

११. एखाद्या सुलतानाने खरंच बाप्तिस्मा घेतला होता का?

हो, सुलूच्या अझीमुद्दीन पहिल्याने. भावाने गादीवरून दूर केल्यावर तो 1749 मध्ये मनिलात आला. एप्रिल 1750 मध्ये पानिकी इथे त्याचा बाप्तिस्मा झाला, फेर्नांदो नाव मिळालं आणि मनिलात कित्येक दिवस नाटकं, बैलझुंजी, आतषबाजी चालली. जणू कोमेद्याचा शेवटचा प्रवेश.

पण पडदा पडला नाही. 1751 मध्ये त्याला गादीवर बसवायला दक्षिणेकडे पाठवलं, वाटेत सांबोआंगाला त्याच्या पत्रावरून गद्दारीचा संशय घेऊन अटक झाली. तो मनिलात कैदेत राहिला. 1762 मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतलं आणि मग त्यांनीच त्याला सुलूला पोहोचवलं. बदल्यात बोर्निओत जमीन मिळवली. त्या ब्रिटिश सैन्यात मद्रासचे शिपाई होते. त्यांतले काही मनिलाजवळच्या काइंतात राहिले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

१२. मग या नाटकांनी द्वेष वाढवला का?

काही प्रमाणात नक्कीच. पिढ्यानपिढ्या लाल कपड्यातला माणूस शेवटी हरतो किंवा धर्म बदलतो हेच दिसत राहिलं, तर प्रत्यक्षातल्या मुसलमानाकडे पाहायची नजर बनते. ज्या गावाने एकही मुसलमान पाहिला नव्हता, तिथे हीच ओळख पहिली होती. मुसलमान वाचकांना आणि अभ्यासकांना हे खटकतं ते योग्यच आहे.

पण एवढ्यावर विषय संपत नाही. गावकरी नाटक पाहायला येत ते प्रेमकथेसाठी, तलवारीसाठी, पोशाखासाठी. विदूषक पुसोंग स्थानिक बोलीत राजांची टर उडवे, कधी गावच्या अधिकाऱ्यांची सुद्धा. म्हणून 'राज्यकर्त्यांनी लादलेला प्रचार' आणि 'निरागस करमणूक' ही दोन्ही सोपी उत्तरं आम्हाला अपुरी वाटतात. नाटक मठातून आलं, पण ते चालवलं गावाने.

१३. माग्लालातिक हे नृत्य म्हणजे मोरो-मोरोच का?

नाही, पण विषय तोच. लागुना प्रांतातल्या बिन्यानचं हे पुरुषांचं नृत्य. अंगावर, पाठीवर, मांड्यांवर नारळाच्या करवंट्या बांधतात आणि हातातल्या करवंट्यांनी त्या ठोकत नाचतात. लाल विजारीचे मोरो, निळ्या विजारीचे ख्रिस्ती. भांडण नारळाच्या लातिकवरून, म्हणजे दूध आटवल्यावर उरणाऱ्या चोथ्यावरून. चार भाग असतात, पहिले दोन लढाईचे, शेवट समेटाचा. संवाद नाहीत, बाप्तिस्मा नाही.

१४. मुसलमान नेहमीच खलनायक असतात का? अपवाद सांगा.

आहेत, आणि सर्वात मोठे अपवाद तागालोग कवी फ्रान्सिस्को बालागतासचे. 'फ्लोरान्ते आत लाउरा' (1838) हे नाटक नाही, 399 कडव्यांचं काव्य आहे, पण साचा कोमेद्याचाच. त्यात जंगलात झाडाला बांधलेल्या ख्रिस्ती फ्लोरान्तेला सिंहांपासून वाचवतो पर्शियाचा मुसलमान राजपुत्र आलादिन. आपण मूर असलो तरी माणूस आहोत आणि स्वर्गाचे नियम आपल्यालाही लागू आहेत, असं तो सांगतो. खरा दुष्ट ख्रिस्ती आदोल्फो आहे. तरीही शेवटी आलादिन आणि त्याची प्रेयसी फ्लेरिदा बाप्तिस्मा घेतात. साच्याची सक्ती तेवढी कडक.

'ओरोसमान आत साफिरा' या त्याच्या कोमेद्यात तर ख्रिस्ती पक्षच नाही. मारुएकोस, तेदेन्स्त आणि दुकेला ही तिन्ही राज्यं मुसलमान. झगडा सत्तेचा आणि प्रेमाचा. धर्मांतराची गरजच उरत नाही.

१५. मुसलमान समाजाच्या बाजूने असं काही लोकसाहित्य आहे का?

आहे, फक्त रंगमंच वेगळा. तावसुग लोकांच्या पारांग साबिल गाथा गाब्बांगच्या (बांबूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या) साथीने गायल्या जातात. त्यांतली अब्दुल्ला आणि पुतली इसारा यांची गाथा स्पॅनिश काळातली. एक स्पॅनिश शिपाई इसाराच्या अंगाला हात लावतो. मग ती आणि तिचा नियोजित वर अब्दुल्ला प्राणाची पर्वा न करता स्पॅनिशांवर चालून जातात आणि दोघंही मरतात. इथे समोरच्याचं धर्मांतर होत नाही, लग्नही लागत नाही. मोरो-मोरोशेजारी ही गाथा ठेवून ऐकावी असं आम्ही नेहमी सुचवतो.

१६. मोरो-मोरो मागे का पडला?

अमेरिकन राजवट आल्यावर रोजच्या जीवनावरचं, गाण्यांचं सारसुएला नाटक शहरात लोकप्रिय झालं. 1902 मध्ये सेवेरिनो रेयेस याने 'आर. आय. पी.' या नाटकातून कोमेद्याचा मृत्यू रंगवून थट्टा केली. चिडलेल्या कोमेद्यावाल्यांनी नाट्यगृहावर दगडफेक केली. त्यानंतर सिनेमा आला. गावांत मात्र नाटक टिकलं.

१७. आज कुठे पाहायला मिळेल?

मनिलाच्या पारान्याके भागातल्या सान दिओनिसियोत मे महिन्यातल्या सणाला. इलोकोस आणि सेबूतल्या काही गावांत, बालेरलाही. तारीख गावच्या सणाशी बांधलेली असते आणि निधी जमला नाही तर प्रयोग रद्द होतो, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथल्या चर्चच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात विचारा. मिंदानावच्या इलिगानमध्ये 29 सप्टेंबरच्या सणात सान मिगेलचा कोमेद्या होतो, पण त्यात लढाई देवदूत आणि ल्युसिफर यांची. मारानाव शेजार असलेल्या शहरात हे अगदीच शहाणपणाचं वाटतं. 2008 मध्ये फिलिपिन्स विद्यापीठाने कोमेद्या महोत्सव भरवला, तेव्हा हे 'राष्ट्रीय' नाट्य म्हणावं का यावर वाद झाला आणि आक्षेपाचा मुद्दा प्रश्न १२ मधलाच होता.

१८. भारतात असं काही आहे का? गोव्याचं तियात्र यातून आलं का?

तियात्राचा याच्याशी संबंध नाही. ते 1892 मध्ये मुंबईत कोकणी लोकांनी सुरू केलेलं, इटालियन ऑपेराच्या प्रभावाखालचं नाटक. खरा नातलग केरळचं चविट्टुनाटकम्. तिथल्या लॅटिन ख्रिश्चनांचं हे पाय आपटत करायचं नाटक शार्लमेनच्याच कथा सांगतं, भरजरी केपसह. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता. गोवा आणि मनिला एका मुकुटाखाली होते. प्रश्न ३ मधलं नाटक झालं तेव्हासुद्धा.

१९. आमच्या नाट्यगटाला अर्ध्या तासाचा नमुना बसवायचा आहे. कशापासून सुरुवात करावी?

एम्बाहादा घ्या. दोन राजे, एक दूत, प्रत्येकी दोन सरदार, म्हणजे सात माणसं, आणि लढाईसाठी प्रत्येक बाजूला किमान तीन. दूत लढाईत त्याच्या पक्षाकडे गेला तर चार विरुद्ध तीन होतात, म्हणून समोर एक ज्यादा नट ठेवा. आधी चाली बसवा, संवाद नंतर. दोन पक्षांना दोन ठेके द्या, एक संथ, एक चपळ, आणि पहिले काही दिवस फक्त प्रवेश-फेरी-नमस्कार करून घ्या. ते घोटलं नाही तर पुढचं सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसतं. कडवी पंचवीस-तीसपेक्षा जास्त घेऊ नका, कारण प्रत्येक कडव्यानंतर वाद्य वाजतं आणि वेळ तिथे जातो. अपुंतादोर लपवू नका, प्रेक्षकांना तो दिसू द्या.

शेवटचा बाप्तिस्मा ठेवायचा की नाही हे तालीम सुरू होण्याआधी ठरवा आणि गटातल्या सगळ्यांना सांगा. प्रयोगाच्या आठवड्यात हा वाद निघाला तर संहिता फाटते. बाप्तिस्मा गाळायचा असेल तर प्रश्न १४ मधल्या 'ओरोसमान आत साफिरा'सारखी दोन्ही पक्ष एकाच धर्माचे असलेली कथा निवडा, नाहीतर शेवटी पंधरा मिनिटांची लढाई होते आणि ती का थांबली हे कोणालाच कळत नाही.